तुळशीचा मामा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. सोसायटीच्या अंगणातलं तुळशीवृंदावन पाडायचं मीच अध्यक्षांच्या डोक्यात घातलं, माझी गाडी उभी राहावी म्हणून. आणि दरवर्षी तुळशीच्या लग्नात तिचा मामा म्हणून मिरवत होतो तोही मीच!

लग्न बंद पडलं. आता ग्रुपवर सगळे उसासे टाकतात, 'काय मजा यायची!' ढोंगी लेकाचे. पाडताना एकानंही तोंड उघडलं नाही. हळहळायला जागा लागत नाही ना! सगळ्यात मोठा उसासा माझा असतो.

आज तळमजल्यावरच्या कमलकाकू कुंडीतल्या तुळशीचं लग्न एकट्याच लावत होत्या. अंतरपाटाचं एक टोक हातात, दुसरं खिडकीच्या गजाला बांधलेलं. मला गाडी लावताना पाहून म्हणाल्या, "मामा, भाचीच्या लग्नाला तरी थांबाल की नाही?" काम आहे म्हणून मी जिना चढलो.

अंतरपाटाचं ते टोक धरणं माझ्याकडे बाकी आहे. त्याआधी काकूंना खरं सांगणंही.