साहेबांच्या हस्ते लेसर

बीडच्या त्या कॉलेजात शहादेवमामा नावाला शिपाई. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मात्र त्यांच्यावाचून पान हलत नसे. लेसरचं यंत्र आलं त्या दिवशी त्यांनी प्राचार्यांनासुद्धा चपला बाहेर काढायला लावल्या.

यंत्र आलं खरं, पण आठ महिने कुलपात. उद्घाटन आमदार साहेबांच्या हस्ते व्हायचं होतं आणि साहेबांना सवड नव्हती. तोवर कुणी हात लावायचा नाही, असा प्राचार्यांचा हुकूम. किल्लीही त्यांच्याच कपाटात.

यात मरण झालं शिवकन्येचं. तेलगावच्या मेंढपाळाची ही लेक पीएचडी करत होती. अणूएवढ्या जाडीचा पापुद्रा काढायचा, त्यावर लेसर सोडायचा आणि आतले इलेक्ट्रॉन हवे तसे वळतात का ते बघायचं. पण पापुद्रा चार दिवसांत हवेनं खराब व्हायचा. तीन असेच वाया गेले. चौथा शेवटचा, तो शुक्रवारपर्यंतच टिकणार, आणि साहेबांनी तारीख दिली तीही शुक्रवारचीच!

"मामा, साहेब नारळ यंत्राच्या टेबलावरच फोडणार," ती रडकुंडीला आली. "यंत्राचा आरसा केसभर हलला तरी सगळं पाण्यात."

मामांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "त्या इलेक्ट्रॉनाचं काय म्हनलात तुमी?"

"उजेड असेपर्यंत शिस्तीत चालतात. उजेड गेला की पुन्हा पहिल्यासारखे."

"मंग साहेबाच्या कार्यकर्त्यावानीच हायेत की! तुमी आतलं बघा, भाईरचं मी बघतो."

शुक्रवारी सकाळी सजावटीसाठी किल्ली मामांकडे आली. त्यांनी शिवकन्येला लेसरच्या खोलीत सोडून बाहेरून कुलूप घातलं. शेजारच्या खोलीतला बंद पडलेला कूलर मखमलीत गुंडाळला, वर जुना स्टॅबिलायझर ठेवला आणि झेंडूचा हार घातला. "गर्दी मावंना म्हनून यंत्र हितं आनलंय," असं प्राचार्यांना सांगून टाकलं.

साहेब तीन तास उशिरा आले. त्यांचा उशीर जन्मात पहिल्यांदा कुणाच्या तरी कामी आला. नारळ फुटला, हळदीकुंकू झालं, बटण दाबलं. स्टॅबिलायझरचा लाल दिवा लागताच टाळ्यांचा कडकडाट झाला. कार्यकर्ते हात जोडून रांगेत उभे होते. साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडली आणि रांग पोह्यांच्या पातेल्यावर तुटून पडली.

मामांनी कुलूप काढलं. शिवकन्या डोळे पुसत बाहेर आली. "मामा, वळले!"

मामांनी प्रसादाचं खोबरं तिच्या हातावर ठेवलं.

तेवढ्यात प्राचार्य आले. त्यांनी मखमल उचलून पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मग त्यांनी मखमल पुन्हा नीट पांघरली.

"शहादेव, संगमरवरी पाटी याच खोलीवर लावा," ते म्हणाले. "आणि याला कुणी हात लावायचा नाही."