वरच्या मजल्यावरची आनुश

चांगल्या शेजाऱ्याचा एक तोटा असतो. त्याचे किस्से सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि प्रत्येकाकडे वेगळाच किस्सा निघतो! हेगजवळच्या फोरबर्गमधल्या आमच्या इमारतीत हेच झालंय. कुणाच्याही वाढदिवसाला चार डोकी जमली की कुणीतरी म्हणतं, "अरे, आनुशचं ते ऐकलंय का?" मग केक तसाच राहतो आणि कॉफी गार होते.

आनुश म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरची सिनेनटी. वंशाने आर्मेनियन, जन्म बैरूतचा. तिथल्या यादवीत तरुणपणी घर सुटलं आणि ती नेदरलँड्सला आली. डच सिनेमात काम केलं, फ्रेंच सिनेमात केलं. साठी उलटलीय, केस पांढरेशुभ्र, आणि सायकल अशी चालवते की ट्रामवालाच घंटा वाजवून वाट देतो!

* * *

पहिली ओळख लॉकडाऊन लागला त्याच आठवड्यातली. माझा नवरा निखिल जिन्यात होता, ही वरून खाली येत होती. दोघंही भिंतीला चिकटून उभे. काहीतरी बोलायला हवं म्हणून निखिलने विचारलं, "तुम्ही काय करता?"

"मरते," ती म्हणाली.

निखिल आणखीनच भिंतीला चिकटला!

"सिनेमात हो! माझा चेहरा पाहिला की दिग्दर्शकांना मला पहिल्या अर्ध्या तासातच मारावंसं वाटतं. कधी बॉम्बने, कधी बोटीत. एकदा नुसत्या दुःखाने."

* * *

आमची साई तेव्हा आठ वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र डचमध्ये येतं. वडीलधाऱ्या बाईला नुसती नावाने कशी हाक मारायची, म्हणून मी तिला "आनुश आजी" म्हणायला शिकवलं.

आजीचा अर्थ कळल्यावर आनुश कमरेवर हात ठेवून म्हणाली, "जिन्यात चालेल. पण कास्टिंगवाल्यांसमोर नाही हं! आजीचे रोल मी अजून सुरू केलेले नाहीत!"

* * *

शाळा ऑनलाइन झाली आणि साईला वर्गासमोर भाषण करायचं होतं. विषय गणपती. पोरगी रडकुंडीला आलेली. आनुशने तिला रोज जिन्यात उभं करून तालीम दिली. वर ती, खाली साई.

"बोलता सगळ्यांना येतं," आनुश सांगायची, "थांबता यायला हवं. महत्त्वाचं सांगायच्या आधी थांब. लोकांना वाट पाहू दे."

भाषणाच्या दिवशी साईने हत्तीचं डोकं बसवण्याच्या आधी असा काही पॉज घेतला की स्क्रीनवरची सगळी पोरं गप्प. इथे शाळेतल्या बाईंना 'यूफ' म्हणतात. त्या घाबरून म्हणाल्या, "साई? तुझं नेट गेलं का?"

साई हलली नाही. फक्त ओठ हलवून म्हणाली, "नाही, यूफ. मी थांबलेय."

* * *

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात आनुशला एका मोठ्या सिनेमाची ऑडिशन घरूनच रेकॉर्ड करून पाठवायची होती. भूमिका आसरा मागायला आलेल्या आईची. समोरच्या सरकारी ऑफिसरचे संवाद वाचायला कुणीतरी हवं होतं, ते काम माझ्याकडे आलं. मला अभिनयातलं ओ का ठो कळत नाही. ऑफिसचा कॉल संपवून गेले, उभी राहिले, वाचलं, आले.

दोन दिवसांनी दिग्दर्शकाचा तिला फोन. "तुम्ही उत्तमच. पण ती ऑफिसर कोण आहे? काय तो थंड आवाज! कुठल्या नाटक कंपनीतली?"

आनुश म्हणाली, "ती सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दिवसभर लोकांना 'हे चालणार नाही' एवढंच सांगते!"

रोल तिला मिळाला. आम्ही जिन्यातच शिरा खाऊन साजरा केला.

* * *

मग शरद ऋतूत तिच्या लोकांच्या, म्हणजे आर्मेनियनांच्या, डोंगरांत युद्ध पेटलं. आनुश रोज हेगच्या एका चौकात जाऊन त्याबद्दल बोलायला लागली. खेमेंतेची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, परवानगी होती. माणसं मोजकी, मधे दीड मीटर, हातात माइक.

एका दुपारी त्या मोठ्या सिनेमाच्या निर्मात्याचा फोन आला. तो नंतर तिने मला जिन्यात करून दाखवला, त्याच्या खोकल्यासकट. तो म्हणाला, "काही महिने हे बंद ठेवा. सिनेमात बऱ्याच जणांचा पैसा आहे."

ती म्हणाली, "गप्प बसणारी बाई मी पडद्यावर खूप केलीय. घरी तालमीची गरज नाही."

रोल गेला! हे सगळं तिने हसत सांगितलं. मग पायरीवर बसली, आणि बराच वेळ उठलीच नाही. मी चहा करून आणला, चार पायऱ्या खाली ठेवला आणि मागे सरकले. नियमच होता तसा. पाठीवर हात ठेवता आला नाही.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा चौकात.

* * *

युद्धात बेघर झालेल्या तिकडच्या लोकांसाठी तिने गरम कपडे जमवायला घेतले. आपल्या मराठी मंडळींनी जॅकेटं दिली, स्वेटर दिले, आणि एका काकूंनी जरीच्या काठाच्या चार शाली! मला लाजल्यासारखं झालं. बर्फात जरी काय कामाची?

"या कशाला वापरतात?" आनुशने विचारलं.

"आमच्याकडे मोठ्या माणसाचा सत्कार करताना खांद्यावर घालतात."

तिने बंद केलेलं खोकं परत उघडलं आणि शाली सगळ्यात वर ठेवल्या. "मग या आधी निघायला हव्यात," ती म्हणाली. "तिथल्या बायकांचा सत्कार राहूनच गेलाय."

* * *

पण सगळ्यात भारी किस्सा पुढच्या वसंतातला. तेव्हा मी तिथे होते.

चौकात आनुशच्या समोर, रस्त्यापलीकडे, एक म्हातारे गृहस्थ नेहमी येत. युद्धातल्या दुसऱ्या बाजूचा झेंडा घेऊन. ती बोलायला लागली की हे ओरडायला लागत. महिनोन् महिने असंच चाललेलं. मग ते येईनासे झाले. आनुश बोलता बोलता पलीकडे बघायची. शेवटी तिने ड्यूटीवरच्या पोलिसाला विचारलं. तो म्हणाला, "कोविड. हॉस्पिटलमध्ये आहेत."

त्या दिवशी ते परत आले. अर्धे झालेले, एका हातात काठी, दुसऱ्या हातात झेंडा. उभं राहताना पाय थरथरत होते.

आनुशने वाक्य अर्धवट सोडलं. माइक माझ्या हातात दिला, स्वतःची घडीची खुर्ची उचलली आणि रस्ता ओलांडला. पोलीस पुढे झाला, तिने त्याला हातानेच थांबवलं. खुर्ची उघडून त्यांच्यासमोर ठेवली आणि दीड मीटर मोजून मागे सरली.

त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "तुमचं एक अक्षरही मला मान्य नाही," ते म्हणाले.

"बसून अमान्य करा," आनुश म्हणाली, आणि उरलेलं भाषण पुरं करायला परत आली.