ढालीमागची रिबीन

बिबट्या सांगावा तर मीच. माझ्या तोंडून निघालेला बिबट्या म्हशीपेक्षा लहान कधी झालाच नाही. एकदा निमोण्याच्या शिवारात मी त्याला अशी डरकाळी फोडायला लावली, की शिरूरच्या स्टँडवर उभ्या असलेल्या एसटीच्या काचा तडकल्या. बिबट्या तशी डरकाळी फोडत नाही, हे मला पुढं कुणीतरी सांगितलं. तोवर काचा तडकून गेल्या होत्या, त्याला मी काय करणार?

म्हणून मी पेपरचा फोटोग्राफर व्हायचं ठरवलं, तेव्हा टपरीवरचा चहावाला म्हणाला, "आता ह्याचा कॅमेरा बी फेकत सुटनार."

शिकायला मी दौंडला जायचो. स्टेशनाजवळ आप्पांचा स्टुडिओ होता. आप्पांनी उभा जन्म पेपरांना फोटो पुरवले होते. बाहेरून मालगाडी गेली की भिंतीवरच्या फ्रेममधले सगळे नवरा-नवरी एका तालात नाचायचे. आप्पा मात्र हलायचे नाहीत. एवढे स्थिर, की एकदा पाल त्यांना भिंत समजून चढली. (हे खरं आहे. निदान पाल तरी खरी.)

त्यांचा पहिला धडा होता, "डिलीट करायचं न्हाई. डोळं मिटलं, मान वाकडी आली, तरी ऱ्हाऊ दे. हितं येऊन सगळं माझ्या कॉम्प्युटरात टाक. आन् थापा तोंडानं मारत जा, कॅमेऱ्यानं न्हाई. कळलं का लबाडा?"

"व्हय आप्पा."

पण पेपरला माझ्याकडून हवे होते सत्कार. आमच्याकडच्या सत्काराच्या फोटोची एक रीत आहे. बक्षीस एक, आणि धरणारे हात अठरा. पाहुणे, सरपंच, सोसायटीचे चेअरमन, त्यांचे मेव्हणे, सगळे ढालीला असे लटकतात की जणू ढाल सुटली तर तालुका घोडनदीत वाहून जाईल. ज्याचा सत्कार तो त्या गर्दीत कुठंतरी असतो. असं आपण धरून चालायचं.

वक्तृत्व स्पर्धेत एका वस्तीवरची मुलगी पहिली आली, तेव्हा तिचाही सत्कार तसाच झाला. पोरगी भाषण संपल्यावरही बोलतच होती. पुढाऱ्यांनी टोप्या नीट केल्या, मिश्यांवर हात फिरवला, ढालीला हात घातले, आणि मी बटण दाबलं. दुसऱ्या दिवशी पेपरात नऊ माणसं आली, ढाल आली, आणि ढालीच्या वर कडेला एक लाल रिबीन आली.

त्यानंतर काही महिन्यांनी एका सकाळी ती घरामागं गेली. ऊस घराला अगदी टेकलेला. बिबट्यानं तिला तिथूनच नेलं.

माणसं सांगत होती, बिबट्या केवढा होता. मला विचारत होती. मला काहीच वाढवून सांगता येईना. त्या दिवसापासून माझ्या गोष्टींत बिबट्या नाही.

पेपरवाल्यांचीही एक रीत आहे. माणूस गेलं की घरच्यांना त्याचा फोटो हातात धरून बसायला लावायचं. माझ्याआधी आलेल्या एकानं तिच्या आईला म्हटलं, "ताई, जरा फोटो घेऊन बसा ना. असं इकडं, उजेडाला."

"फोटूच न्हाई," आई म्हणाली.

वडिलांचा मोबाईल पाण्यात पडला तेव्हाच त्यातलं सगळं गेलं होतं. आधारकार्डावर होती ती अंगणवाडीतली, धुरकट, कुणाचीही असावी अशी. तो पेपरवाला निघून गेला. मी तिथंच घुटमळलो. मग आईनं मला आत बोलावलं आणि पत्र्याच्या कपाटाचं दार दाखवलं. त्यावर मी काढलेला सत्काराचा फोटो, पेपरातून कापून, भातानं चिकटवलेला.

"आल्या-गेल्याला दावायची," ती म्हणाली. "म्हनायची, ही रिबीन माझी." मग माझ्याकडं बघून, "भाऊ, तुमीच काढलेला ना? ह्याच्या म्होरला, मागला कुठला आसंल का? दहाव्याला म्होरं ठेवायला तिचं तोंड पायजे हो."

मी दौंडला गेलो. गाडी कशी हाकली ते सांगत नाही; एरवी सांगितलं असतं, चाकं जमिनीला लागली नाहीत वगैरे. आप्पांनी कॉम्प्युटर लावला. शाली, नारळ, फेटे, परत शाली. माझं तोवरचं सगळं शिक्षण डोळ्यांपुढून सरकत होतं, आणि त्यात माणसाचा चेहरा म्हणून एक सापडेना.

मग ती सापडली. रांग लागायच्या आधीची फ्रेम. मी कॅमेरा नीट करताना बोट पडलं असणार. पाहुणे मिशीत बोट घालून उभे, चेअरमन खिशात काहीतरी शोधतायत, आणि पुढं ती एकटी, ढाल पोटाशी धरून, डोळे अर्धे मिटलेले, तोंड उघडं. काहीतरी सांगत असलेली.

"डोळं उघडून देतो," आप्पा हळूच म्हणाले. "मागं निळं आभाळ टाकतो. सगळ्यांना तसंच लागतंय."

"नको आप्पा. आधी तिच्या आईला दाखवू."

आप्पांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले. बाहेरून गाडी गेली. भिंतीवरचे सगळे नाचले.

आईनं फोटो दोन्ही हातांत धरला. निळं आभाळ नको म्हणाली, डोळेही राहू द्या म्हणाली. फोटोतल्या उघड्या तोंडावर तिनं अंगठा ठेवला, परत उचलला.

"काय म्हनत हुती हो तवा? तुमी तर म्होरंच हुता."

मी उभ्या आयुष्यात असा प्रश्न मोकळा सोडलेला नाही. एका श्वासात दहा वाक्यं तयार झाली, एकाहून एक गोड. तिच्या तोंडी शोभली असती. आईनं ती जन्मभर जपली असती, आणि खोटी ठरवायला कुणी येणार नव्हतं.

"ताई, मी ऐकलं न्हाई," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. रागावली नाही.

"लई बोलायची," ती म्हणाली. "कुनीच ऐकायचं न्हाई. मी बी न्हाई."