देवीच्या दोऱ्याची पिशवी

कोकिळाक्काच्या पिशवीत कापूस नव्हता. आमच्या भागात कुणाला कापलं-चिरलं की पहिला हात कापसाकडे जातो, कारण घराघरात तो असतोच. पण अक्का म्हणायची, कापूस जखमेत चिकटतो, मग डॉक्टरला तंतू तंतू वेचत बसावं लागतं. हळदही नको, तंबाखू तर मुळीच नको. हे तिला पुस्तकातून कळलं नव्हतं. चोपड्याला एका डॉक्टरांकडे तिने एकोणीस वर्षं ड्रेसिंगच्या खोलीत काम केलं होतं.

ती माझी मोठी जाऊ. माहेर धुळे जिल्ह्यातलं, शिंदखेड्याच्या बाजूचं. नववी शिकलेली, बोलायला कमी, उठायला सगळ्यांच्या आधी. तिचा नवरा नवल, म्हणजे माझे मोठे दीर, त्यांना घरात सगळे भाऊ म्हणतात. भाऊ केळी कापणीच्या गँगमध्ये. एकाने घडाखाली खांदा द्यायचा, दुसऱ्याने विळ्याने दांडा तोडायचा, आणि घड गाडीपर्यंत न्यायचा. विळा इतका धारदार की बघतानाच अंगावर काटा येतो. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या गावात एक माणूस मांडीला विळा लागून गेला. दवाखाना अर्ध्या तासावर होता. रक्त अर्धा तास थांबलं नाही.

त्या दिवसापासून अक्काच्या डोक्यात ही पिशवी शिरली.

पहिली तिने केली ती जेवणाच्या डब्याएवढी होती. त्यात गोळ्या, मलम, बोटाला लावायच्या पट्ट्या, लाल औषधाची बाटली, सगळं. भाऊंनी ती उचलून पाहिली आणि म्हणाले, "हाई काय बाळंतीनबाईनं गाठोडं शे का?" शेतात नेली आणि बांधावर ठेवून दिली. संध्याकाळी अक्काने विचारलं, घड कापताना पिशवी कुठे होती? बांधावर. मग ती घरीच राहिली असती तरी काय फरक पडला असता?

तिने सगळं ओतून पुन्हा निवडलं. मी समोर पोळ्या लाटत होते. ती एकेक वस्तू उचलायची आणि स्वतःलाच विचारायची, हे नसलं तर माणूस मरेल का? बोटाला चिरलं तर माणूस मरत नाही, म्हणून बोटाच्या पट्ट्या गेल्या. गोळ्या गेल्या. बाटली गेली. राहिलं ते फक्त रक्त थांबवायचं. हात किंवा पाय वरून आवळायचा पट्टा, त्याला पिळायला दांडी असते तसला. जखमेत दाबून भरायची गॉजची दोन बंद पाकिटं. रुंद लवचीक पट्टी. बोथट टोकाची कात्री, पॅन्ट कापायला. हातमोजे. आणि एक काळा पेन. पेन कशाला म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, पट्टा किती वाजता आवळला ते कातडीवर लिहायचं, नाहीतर दवाखान्यात कुणाला कळणार?

माझ्या हातातलं लाटणं घेऊन तिने गॉजची पाकिटं न फोडता सपाट केली, हवा बाहेर गेली, आणि सगळं तळहाताएवढ्या पिशवीत बसलं. पिशवी तिने मोटारसायकलच्या जुन्या सीटच्या रेक्झिनची शिवली, कारण केळीत ओल असते आणि चीक लागला की कापड खराब होतं. कमरेच्या पुढच्या बाजूला लावली, म्हणजे कुठलाही हात पोचेल आणि खांद्यावरचा घड अडणार नाही. भाऊंना डोळे मिटून, एका हाताने उघडायला लावली. चार वेळा. पाचव्या वेळी भाऊ हसायला लागले, तेव्हा तिने सोडलं.

मग नवरात्रात आम्ही दोघी मनुदेवीला गेलो. तिथला लाल दोरा आणून तिने पिशवीच्या बंदावर गुंडाळला. ओढला की सुटेल अशी गाठ, पण गाठच. म्हणाली, गरज पडेल तेव्हाच सुटू दे, आणि गरज न पडो. मी पण हात जोडले.

गँगला अमावास्येला सुट्टी असायची. विळे धुऊन देवापुढे ठेवायचे, त्यांच्याबरोबर ही पिशवीसुद्धा. अक्का कुंकू लावायची, पिशवी हातात घेऊन वजन बघायची आणि म्हणायची, "बठ्ठं शे ना?" सगळं आहे ना, हे ती कुणालाच विचारत नव्हती. दोरा शाबूत आहे, वजन आहे, म्हणजे झालं. उघडून बघणं तिला पटायचं नाही. पाकिटांना विनाकारण हात लावू नये, हे दवाखान्यातलं शिक्षण. आणि देवीची गाठ विनाकारण सोडू नये, हे घरातलं.

मला आता जे लिहायचं आहे ते लिहायला जड जातं.

पौषात एका सकाळी मी गोठ्यात गेले. भाऊ तिथे उकिडवे बसून दाताने दोरा ओढून गाठ मारत होते. मला बघून दचकले. मग हसले.

"रत्ना, कोकिळाले सांगू नको बरं. गुडघा दुखस. पट्टी काढी लिधी, बस."

मी सांगितलं नाही. एका पट्टीवरून घरात कशाला वाद, असं मला वाटलं. दोन दिवसांनी अमावास्या होती. अक्काने पिशवी हातात घेतली, "बठ्ठं शे ना?" म्हणाली, आणि मी कणीक मळत राहिले.

पट्टीच्या मागे कात्री गेली, सुतळी कापायला. पट्टा गेला मोटारसायकलच्या कॅरियरला दुधाची कॅन बांधायला. हातमोजे चिकापासून हात वाचवायला. गॉजने कुणीतरी चष्मा पुसायचा म्हणे. हे सगळं गँगला माहीत होतं, मला नंतर कळलं. मुकादम लीलाधर रोज म्हणायचा, "काय नवल, देवी कंबरले बांधी ऊना का?" आणि सगळे हसायचे. वजन कमी वाटू नये म्हणून भाऊंनी आत काय भरलं होतं, ते आम्हाला आखाजीच्या आदल्या दिवशी कळलं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशीण माहेरी जाते. अक्का पंचेचाळीस वर्षांची झाली तरी भिकन, तिचा धाकटा भाऊ, दर वर्षी तिला न्यायला यायचा. या वर्षी दोन दिवस आधी आला. गँगमध्ये माणूस कमी होता, तर म्हणाला, रिकामा बसून काय करू, मी खांदा देतो. अक्काला ते आवडलं नाही. सवय नसलेला माणूस, धारदार विळा. पण मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, जाऊ दे, पिशवी आहे ना तिथे.

आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही दोघी जेवण घेऊन शेतात गेलो. केळीच्या ओळीत शिरलो तोच आरडाओरडा झाला. भाऊ दांडा तोडत होते, भिकन घडाखाली होता. विळा दांड्यावरून निसटला आणि भिकनच्या हातात, कोपराच्या खाली, आत गेला. रक्त ठिबकत नव्हतं, उडत होतं.

अक्काने डबे टाकले. "पिशवी दे!"

भाऊ हलले नाहीत. त्यांचा हात पिशवीवर होता, पण झाकायला ठेवल्यासारखा.

"दे ना पिशवी!"

तिनेच ओढली. दोरा तुटला. आतून तंबाखूची डबी पडली, चुन्याची डबी पडली, रुमालाची घडी पडली, आणि पत्त्यांचा कॅट ओल्या मातीत पसरला. दुपारी जेवणानंतर गँग ज्या पत्त्यांनी खेळायची, तेच.

अक्का एक क्षण त्या पत्त्यांकडे बघत राहिली. एकच क्षण. मग तिने आपला पदर फाडला, बोटांनी जखमेत कोंबला आणि दोन्ही हातांनी, अंगाचं सगळं वजन टाकून दाबला. लीलाधरच्या पिकअपमध्ये मागे ती तशीच बसली. जळगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी हात काढ म्हटलं, तेव्हाच काढला. तिची बोटं नंतर बराच वेळ सरळ होत नव्हती.

भिकन वाचला. दोन बोटं वाकत नाहीत. शुद्धीवर आला तेव्हा हसून म्हणाला, "बहीन, आखाजीले मी तुले लेवाले ऊनू, अन तूच माले ली गयी." आम्ही सगळे हसलो. अक्का हसली नाही.

घरी आल्यावर भाऊ तिच्यासमोर बसले. म्हणाले, मी काय मुद्दाम केलं का? निसटला विळा.

"विळा निसटस," अक्का म्हणाली. "त्यानं माले दुःख नई. पन दोरा निसटत नई. दोरा कोनीतरी सोडस. अन परत बांधस. मन्हा देखत देवपुढे ठेवस."

भाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, आता ती थांबेल. पण ती माझ्याकडे वळली.

"तुले ठाऊक व्हतं?"

मी खोटं बोलू शकले असते. देवघरातला दिवा समोर होता. "हां," म्हणाले. "पट्टीचं माहीत होतं. बाकीचं नाही."

"पट्टीचंच व्हतं ना," ती म्हणाली, आणि उठून भिकनसाठी पेज ठेवायला गेली.

त्या वर्षी ती माहेरी गेली नाही.

आता गँगच्या सहाही जणांच्या कमरेला पिशवी आहे. लीलाधर स्वतः मागायला आला होता, खाली मान घालून. अक्काने सगळ्या शिवल्या, भाऊंचीही. पण पाकिटं सपाट करायला लाटणं ती आता आपलं आपण घेते, मी पुढे केलं तरी तिचं लक्ष नसतं. दोरा ती बांधत नाही. अमावास्येला पांढरं धुतलेलं कापड अंथरते आणि भाऊंची पिशवी त्यांच्यासमोर त्यावर रिकामी करते. पट्टा, पाकिटं, पट्टी, कात्री, मोजे, पेन. प्रत्येक वस्तूला बोट लावते आणि परत भरते. भाऊ शाळेतल्या पोरासारखे मांडी घालून बसतात.

मी स्वयंपाकघरातून ऐकत असते. ती अजून एकदा तरी म्हणेल, म्हणून. बंद लावल्याचा आवाज येतो, मग तिच्या पावलांचा. "बठ्ठं शे ना" ती म्हणत नाही.

उरलेल्या लाल दोऱ्याचं रीळ देवघरातच आहे. दिवा लावताना मी ते बाजूला सरकवते, आणि दिवा लागला की परत जागेवर ठेवते.