पाहुणीच्या टॉवेलाला शालनमावशींचं रफू

शालन सिद्राम गायकवाड या बाईंच्या शेजारी बसून एसटीने प्रवास करू नये. मी एकदा केलाय. कारखान्यातल्या एकाच्या लग्नाला करकंबला निघालो होतो. पुढच्या सीटवरचा अनोळखी माणूस डुलक्या घेत होता आणि त्याच्या कॉलरचा धागा सुटलेला होता. मावशींनी पदराला टोचलेली सुई काढली आणि तो झोपेत असतानाच कॉलर शिवून टाकली. मानेला गार लागलं म्हणून तो दचकून उठला, तर म्हणाल्या, "काय न्हाय, झोपा. झालंच हाय." तो बिचारा खरंच झोपला.

मावशी भवानी पेठेत राहतात आणि आमच्या टॉवेल कारखान्यात मेंडिंगच्या टेबलावर काम करतात, एकतीस वर्षं. मागावर विणताना कुठे धागा तुटला की कापडात फट राहते. ती सुईने अशी भरून काढायची की नंतर कुणाला शोधूनही सापडू नये, याला मेंडिंग म्हणतात. मावशींचे डोळे शेजारणीशी गप्पा मारण्यात असतात आणि बोटं टॉवेलावरून फिरत असतात. फट लागली की इतर बायका कपाळाला आठ्या घालतात. मावशी हसतात, लपाछपीत गडी सापडल्यासारख्या. "घावलास का रं," असं त्या फटीलाच विचारतात आणि मग सुई चालवतात. दिवसाला शंभर वेळा हा आनंद कसा होतो, हे मला आजवर कळलेलं नाही.

मी अनिलकुमार. ऑफिसात बसून परदेशी गिऱ्हाइकांना पत्रं लिहितो. माझं इंग्रजी कारखान्यात सगळ्यात चांगलं आहे, असं मीच सगळ्यांना सांगत असतो. पुढे जो घोटाळा झाला तो माझ्यामुळेच झाला, हेही आधीच सांगून टाकतो.

गेल्या जानेवारीत युरोपातून एक पाहुणी आली. पंचविशीतली, उंच, सात रस्त्याजवळच्या लॉजवर उतरलेली. तिने पिशवीतून एक टॉवेल काढून आमचे मालक रेवणप्पा यांच्या टेबलावर ठेवला. जाडाभरडा, पिवळट पडलेला, घडीच्या खुणा करपल्यासारख्या उमटलेल्या. असेच एकशेवीस टॉवेल हवेत, म्हणाली, आणि यात जिथे जिथे फट आहे तिथे तिथे फट हवी. फटी म्हणजे बरोबर तीन होत्या. मालकांनी आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम खराब मालाची ऑर्डर ऐकली. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू माझंच इंग्रजी चुकलंय.

मग तिने सांगितलं. दुसऱ्या महायुद्धात जर्मन फौजांनी व्यापलेल्या मुलखात ज्यू माणसांना घरांतून उठवून छावण्यांत कोंबलं आणि सक्तीने राबवून घेतलं. तसली एक छावणी एका कापड गिरणीला लागून होती. तिथे सगळ्या मुलीच होत्या, सैन्यासाठी टॉवेल विणायच्या. या पाहुणीची आजी तेव्हा तेरा वर्षांची. तिची मोठी बहीण मागावर, आणि आजी घड्या घालायला. बहीण आपल्या पावातला अर्धा तुकडा रोज हिला द्यायची. एक दिवस तपासणाऱ्याने बहिणीचा एक टॉवेल उलगडून पाहिला, फटी दिसल्या, आणि खराब काम केलं म्हणून तिला मागावरून उठवून नेलं. ती परत आली नाही. आजीने त्या दिवशी तिच्या मागावरचा शेवटचा टॉवेल कपड्यांत लपवला, तो हा. आता उन्हाळ्यात त्या गिरणीच्या जागी छावणीतल्या मुलींच्या घरची माणसं आठवणीसाठी जमणार होती, त्यांच्यासाठी हे एकशेवीस.

"आजी आता पंच्याण्णव वर्षांची आहे," पाहुणी म्हणाली. "ती अजून म्हणते, बहीण उपाशी होती म्हणून तिचा हात चुकत गेला. आणि तिचा पाव मी खात होते."

यावर मालकांनी पंखा बंद केला आणि उगाच पुन्हा सुरू केला. मी चहा मागवला. पाहुणीलाच आमची दया आली असावी, कारण ती हसून म्हणाली की आजी तशी भारी खोडकर आहे. टॉवेलाच्या घडीवरून मात्र घरात सगळ्यांना रागावते. आधी लांबीत तीन घड्या, मग पाठ आत घेऊन मधोमध. बहीण तिला तशीच घडी घालायला लावायची, चुकली की चिमटा काढायची. त्यांच्या घरात पाच वर्षांची पोरंसुद्धा तशीच घडी घालतात.

दुपारी पाहुणी जेवायला गेली. जाताना मोजमाप सोपं व्हावं म्हणून तिने तिन्ही फटींशेजारी लाल टिकल्या चिकटवल्या होत्या. मी टॉवेल नमुना खात्यात न्यायला निघालो, वाटेत फोन वाजला, आणि मी टॉवेल हाताशी होतं त्या टेबलावर ठेवून बोलत बाहेर गेलो. ते टेबल मेंडिंगचं होतं. आणि आमच्या कारखान्यात लाल टिकलीचा अर्थ एकच: इथे सुई घाला.

परत आलो तेव्हा मावशी तिसरी फट संपवत होत्या.

"कुठल्या मागावरचा वो हा, अनिलसायेब?" त्या म्हणाल्या. "लई दिसांनी कायतरी काम आलं बगा."

ऐंशी वर्षं जपलेला टॉवेल आम्ही वीस मिनिटांत दुरुस्त केला होता. मालक धावत आले, पाहिलं, आणि टॉवेलांच्या गठ्ठ्यावर मटकन बसले. घाबरले की त्यांचं मराठी संपतं आणि कन्नड सुरू होतं. "अय्यो शिवने, अय्यो शिवने," एवढंच चाललं होतं. मी मावशींना काय होऊन बसलंय ते भराभर सांगितलं, बहीण, पाव, सगळं. आणि नेमकी तेव्हाच पाहुणी आत आली. शेंगाचटणी आणि कडक भाकरीने तिचं नाक लाल झालेलं, डोळ्यांत पाणी, तोंडभर हसू. टॉवेल पाहिला आणि हसू गेलं. मला वाटलं, आता जमीन दुभंगावी.

मावशी एकट्याच शांत होत्या. "तिला म्हनावं, भिऊ नको. जुना धागा पिवळा, माजा पांडरा. जुन्याला कात्री लावली न्हाय. काडून देते." त्यांनी सुईच्या टोकाने पहिला पांढरा धागा उचलला आणि थांबल्या. बोट फटीवर ठेवलं. मग दुसऱ्या फटीवर. तिसऱ्या. मग इतक्या वर्षांत मी कधी पाहिलं नव्हतं ते पाहिलं. मावशी हसल्या नाहीत.

"अनिलसायेब, ह्यो चुकलेला हात न्हाय."

मी विचारलं, कशावरून.

"धागा तुटतो तवा कुटंबी तुटतो. आनि ध्यानात येईल तवा जोडत्यात, म्हनून फट कदी दोन बोटांची, कदी ईतभर. ह्यो तिनी जागी बराबर चार बोटांवर जोडलाय. उपाशी मानसाचा हात थरथरतो की. थरथरनारा हात असं मोजून चुकंल का?" त्यांनी टॉवेल पाहुणीपुढे सरकवला. "आनि हिला म्हनावं, आजीची घडी घाल."

पाहुणीने घडी घातली. लांबीत तीन, मग पाठ आत घेऊन मधोमध. लाल टिकल्या तिन्हीच्या तिन्ही घडीच्या पोटात गेल्या. वरून टॉवेल नवाकोरा.

"थप्पी वरनं बगनाऱ्याला कळायचं न्हाय," मावशी म्हणाल्या. "आनि शिपायानं येकदा धुतला की हितनं उबा फाटतोय. लई हुशार पोरगी. ती भुकेनं चुकली न्हाय वो. ती त्यास्नी फसवत हुती." आणि आता त्या हसायला लागल्या, अशा की शेजारच्या टेबलावरच्या बायका न विचारता हसू लागल्या.

मी पाहुणीला इंग्रजीत सांगायला गेलो तर माझ्या प्रसिद्ध इंग्रजीला शब्दच सापडेनात, मग चार बोटं आणि घडी दाखवून सांगितलं. तरी तिला कळलं. तिने लगेच फोन लावला. तिकडे सकाळ होती. पडद्यावर एक छोटीशी म्हातारी आली, केस पिंजारलेले, हातात कप. मावशींनी हात जोडून "जयभीम, आजी" म्हटलं. मग मावशी मला सांगत होत्या, मी पाहुणीला, पाहुणी आजीला. मावशींचं एक वाक्य तीन भाषा पार करून तिकडे पोचेपर्यंत इकडे आम्ही श्वास रोखून बसायचो. चार बोटांचं सांगून झालं. घडीचं सांगून झालं.

आजीने कप खाली ठेवला. बराच वेळ ती आपल्या दोन्ही हातांकडे बघत होती. मग तिचे खांदे हलायला लागले. मालकांना वाटलं रडतेय, त्यांनी तोंड फिरवलं. पण ती हसत होती. डोळ्यांतून धारा आणि हसणं थांबेना. नातीने तिचं बोलणं आम्हाला सांगितलं.

"घड्या तर मीच घालत होते," आजी म्हणाली होती. "म्हणजे मीपण त्यात होते. तिनं मला सांगितलं नाही, पण मी त्यात होते."

मला इतका आनंद झाला की मी मालकांना मिठी मारली. ते माझे मालक आहेत हे नंतर आठवलं.

मग एकशेवीस टॉवेल विणून झाले, सगळे चांगले, कारण आमच्या मागांना फट सोडायला सांगून कळत नाही. फटी हातानेच पाडाव्या लागल्या. मेंडिंगच्या बायकांनी आठ दिवस रफूचं काम उलटं केलं, चार बोटं मोजून धागे काढले आणि शाळा बुडवलेल्या पोरींसारख्या खिदळत राहिल्या. मावशींनी प्रत्येक टॉवेल तपासला. एकात फट साडेतीन बोटांची निघाली, तो त्यांनी परत पाठवला. पाहुणी जाताना मालकांना "जयभीम" म्हणून गेली. मालकांनीही हात जोडून आपला कन्नड नमस्कार केला, "शरणु."

गिरणी होती तिथे उन्हाळ्यात सगळे जमले, त्याचा फोटो माझ्या फोनवर आला. गवतात लांबच लांब टेबल, मांडलेले एकशेवीस टॉवेल, आणि मधोमध खुर्चीत आजी. सगळ्या घड्या तिने स्वतः पोरांकडून घालून घेतल्या होत्या. मी फोन मेंडिंगच्या टेबलावर नेला. मावशींनी चष्मा लावला, फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि एकेका टॉवेलावरून बोट फिरवत गेल्या.

घड्या उलट्या होत्या. प्रत्येक टॉवेलाची फट वर होती.

"आता बगू दे की समद्यांना," मावशी म्हणाल्या, आणि फोन माझ्या हातात देऊन पुढचा टॉवेल ओढून घेतला.