प्रसादाचा हिरवट पेढा आणि दाजींची भरलेली जीप

परवाच्या शनिवारी मी ताईकडे राहुरीला होतो. दाजींची जीप शनिवारी भाविकांना घेऊन शिंगणापूरला जाते. मी रिकामाच, म्हणून गाडी पुसत होतो... म्हणजे फडकं हातात आणि लक्ष मोबाईलमध्ये.

तेवढ्यात शेजारच्या काकू उज्जैनचा प्रसाद देऊन गेल्या. काका आदल्या दिवशीच यात्रा करून आलेले. आता प्रसाद आला की आपल्याकडे कुणी विचारतं का, कशाचा आहे म्हणून? कपाळाला लावायचा आणि तोंडात टाकायचा. दाजींनी तेच केलं. वर म्हणाले, "जरा पाल्यावानी लागतोय, पण देवाचा हाय."

मी पेढा हातात घेतला. हिरवट. वास घेतला आणि डोक्यात एकदम जैसलमेर!

सांगतो. कॉलेजला रामराम ठोकून मी फिरत सुटलो होतो, तेव्हा तिथं सरकारी परवान्याचं भांगेचं दुकान बघितलं. किल्ला तर काय आहे राव, ऊन कललं की अख्खा सोन्यासारखा... जाऊ द्या, विषय भांगेचा. दुकानदारानं ग्लास द्यायच्या आधी वय विचारलं. मग म्हणाला, थोडीच घे, दारूबरोबर नको आणि आज गाडीला हात लावायचा नाही.

त्याच्याकडूनच कळलं की खाल्लेली भांग उशिरा चढते. कधी अर्धा तास, कधी दोन. माणूस 'काहीच होईना' म्हणून अजून खातो आणि तिथंच फसतो.

भाची पेढा तोंडात घालणार, तेवढ्यात मी तो ओढून घेतला. तिनं भोकाड पसरलं. मी काकांना फोन लावला, तर पलीकडून एकच हंबरडा... "आरं देवा! हिनं माझा डबा वाटला व्हय?"

म्हणजे पक्कं झालं. बाहेर जीप भरलेली, पुढच्या सीटवर एक बाई तान्हं लेकरू घेऊन बसलेली. मी खिळ्यावरची चावी काढून खिशात घातली. दाजी, पेढ्यात भांग आहे, आज गाडी नाही.

दाजी हसायलाच लागले. "पाव्हणं, डिग्रीचं तोंड बघितलं न्हाई आन् मला शिकवायला लागले! एका पेढ्यानं काय हुतंय? महादेवाचीच हाय की."

मी बाहेर जाऊन सगळ्यांना दुसऱ्या जीपमध्ये बसवलं. त्यांच्या शिव्या खाल्ल्या. ताईचं तोंड वाकडं, शनिवारचा धंदा गेला म्हणून.

अर्धा तास झाला... दाजी ठणठणीत! मिशीला पीळ देत समोर उभे. "बघ, कायबी न्हाई. आन ती चावी." मी खिशातली चावी चाचपली. सगळं घर माझ्याकडे बघत होतं. तरी चावी दिली नाही.

अजून थोडा वेळ गेला आणि दाजींनी मिशी सोडली. खाटेवर बसले. वर बघत म्हणाले, "पाव्हणं... ह्यो पंखा माझ्याकडं का बघतोय?"

आधी आम्ही हसलो. मग त्यांनी माझं मनगट असं धरलं की बस्स. "मी मरतोय का रं?" म्हणाले. मी शेजारीच बसून राहिलो. पाणी पाजलं, कुशीवर झोपवलं, हळूहळू उतरतंय म्हणून सांगत राहिलो. ताईला म्हणालो, छातीत दुखलं किंवा हाक मारून उठले नाहीत, तर सरळ दवाखाना.

ताईच्या सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, उरलेले पेढे घेऊन गोठ्याकडे निघाल्या. प्रसाद टाकवत नाही ना! "गायीला घालते." म्हटलं, आत्याबाई, तिला कशाला, ती दूध देते! शेवटी आंब्याच्या बुडाशी खड्डा करून पुरले. तिकडं जैसलमेरला दुकानाला परवाना असतो, इकडं बिगर परवान्याची भांग जवळ ठेवणं गुन्हा आहे. गांजा-चरस तर दोन्हीकडे.

संध्याकाळी दाजी उठले. चहा घेतला. मग हळूच म्हणाले, "भरलेली गाडी हुती रं."

बास, एवढंच. पण ताईनं माझ्या ताटात पहिली भाकरी वाढली, दाजींच्या आधी.

मोठ्या माणसानं, जिथं कायद्यानं चालतं तिथं, माहिती घेऊन, बेतानं काय घ्यायचं ते घ्यावं. पण न सांगता कुणाच्या हातावर ठेवू नये, लेकरांच्या तर नाहीच. आणि स्टिअरिंग धरू नये.

मी लई ठिकाणी फिरलोय. पण त्या शनिवारी कुठंच न गेल्याचा जेवढा अभिमान वाटतो, तेवढा कुठं पोचल्याचा अजून वाटलेला नाही.