डिटेक्टरची टोपी

आमच्या आप्पांना नव्या वस्तूचं प्लास्टिक काढलेलं बघवत न्हाई. टीव्हीचा रिमोट पिशवीत. ट्रॅक्टरच्या सीटवर कंपनीचं कव्हर, त्याच्यावर आणखी एक खताची गोणी. फ्रिजच्या हँडलचं प्लास्टिक मायनं एकदा चिडून ओढून काढलं, तर आप्पांनी तिथं जुना टॉवेल गुंडाळला. "नवं हाये, नवंच राहू द्या." रिमोटवरचे आकडे पुसून गेले तरी आप्पांच्या लेखी तो नवाच. या सवयीवर आम्ही वर्षानुवर्षं हसलो. एक दिवस ती माझ्याच लग्नाच्या मुळावर आली, तेव्हा हसू पळालं.

आधी थोरल्या ताईच्या लग्नाचं सांगते. ते जालन्याच्या एका कार्यालयात झाल्तं. भर वैशाख. शेवटची पंगत बसलेली, व्याह्यांकडची वडीलधारी माणसं जेवून राह्यली होती, आणि मॅनेजरनं वेळ संपली म्हणून पंखे बंद केले. व्याह्यांनी एका हातानं उपरण्याचा वारा घेत दुसऱ्या हातानं जिलेबी खाल्ली. आप्पांचा चेहरा काळाठिक्कर पडला. तिथंच म्हणाले, "धाकटीचं लग्न मी सोताच्या कार्यालयात करीन. शेवटचा माणूस उठंस्तोवर तिथं पंखा बंद होनार न्हाई." पाहुण्यांनी माना हलवल्या. लग्नात बाप काय वाट्टेल ते बोलतो, कोण मनावर घेतं?

आप्पांनी घेतलं. वाटूर फाट्याजवळच्या आमच्या रानात खरंच कार्यालय उभं राह्यलं. पहिलं लग्न माझं ठरलं. राजूरच्या गणपतीपुढं पत्रिका ठेवून झाली, आणि मंग कळलं की अग्निशमनचे साहेब तपासून कागद देईपर्यंत तिथं लग्न लावता येत न्हाई. आमच्याकडं सगळं असंच, वरात दारात आल्यावर घोडा शोधायचा! भाऊ जरा धोरणी. तो म्हणाला, "कागद न्हाई मिळाला तर जालन्याचं तेच कार्यालय त्या दिवशी रिकामं हाये. मी इचारून ठेवलंय." त्यानंतर आप्पा त्याच्याशी बोलेनात.

मस्तगडच्या दुकानातून फिटर आला. हॉलमध्ये त्यानं धुराचे डिटेक्टर लावले, आणि स्वयंपाकघराच्या छताला मात्र दुसराच, गरमीचा.

"ह्यो येगळा काहून?" आप्पांनी विचारलं.

"काका, इथं दिवसभर फोडण्या. धुराचा लावला तर वरणाला फोडणी पडली की अख्खं वऱ्हाड बाहेर पळंल. हा धुराकडं बघत बी न्हाई. छताशी गरमी लई वाढली तरच वाजतो."

आप्पा भलते खूश. मायकडं वळून म्हणाले, "बघ, शिक काही. उगं जराशा धुरावर वरडत न्हाई."

"तुमच्यासंगं संसार केला असता तर त्यो बी वरडला असता," माय म्हणाली.

फिटरनं डिटेक्टरवरची त्याच्याच दुधी रंगाची प्लास्टिकची टोपी काढून खोक्यात टाकली. धूळ बसू नये म्हणून कंपनी घालून देते, काम झालं की काढायची. जाताना बजावून गेला, "वर काही बी झाकू नका. बिलकुल न्हाई." आप्पांनी बराबर, बराबर म्हणून मान डोलावली. त्यांची मान एवढ्या जल्दी डोलते तेव्हा काहीतरी शिजत असतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण लग्नाच्या गडबडीत कोण बघतं!

साहेब आले ते हळदीच्या आदल्या दिवशी. हॉलमधलं सगळं पास झालं. स्वयंपाकघरातल्या डिटेक्टरला गरम हवा देऊन वाजवून दाखवायचं होतं, आणि फिटरचं हवेचं मशीन नेमकं बंद पडलं. मंग माझ्या रुखवतातलं केस वाळवायचं मशीन आणलं. त्याचं प्लास्टिक फाडताना आप्पांनी तोंड फिरवलं. जाळी काढायच्या बांबूला ते मशीन बांधलं आणि फिटरनं वर धरलं. साहेब वर बघून राह्यले, भाऊ वर, माय वर, आचारी झारा हातात धरून वर. मशीन घोंघावतंय, आणि तो आमचा शहाणा डिटेक्टर मुका.

"वाजत न्हाई हे," साहेब म्हणाले. "कागद देता येणार न्हाई. परवाचं लग्न दुसरीकडं बघा."

भावाचा हात खिशातल्या मोबाईलकडं गेला. मला तर त्या मॅनेजरचा हात बटणावर दिसायला लागला, आणि खाली घामानं थबथबलेले माझे होणारे सासरे. तेवढ्यात वास आला. तापलेल्या प्लास्टिकचा. मी आप्पांकडं बघितलं. सगळी दुनिया छताकडं बघत होती, आणि आप्पा एकटे स्वतःच्या चपलांकडं.

"आप्पा!" मी किंचाळलेच. "टोपी घातली तुम्ही परत?"

"आगं, तेलाची वाफ बसती," आप्पा पुटपुटले. "पिवळं पडलं असतं. नवं हाये ना ते."

फिटरनं कपाळावर हात मारला. माय म्हणाली, "आवं, फ्रिजचं समजलं. आगीला बी पिशवी घालता का?" साहेबांचा चेहरा मात्र अजून कडक होता. आप्पांनी त्यांच्यापुढं हात जोडले. "साहेब, काढतो. रिमोटचं बी काढतो, ट्रॅक्टरचं बी काढतो. पण पोरीचं लग्न हितंच होऊ द्या." आप्पांना कुणापुढं असे हात जोडताना मी कधी बघितलं नव्हतं. मला राग आल्ता तो कुठल्या कुठं गेला.

फिटर शिडी लावून चढला, मऊ पडलेली टोपी ओढून काढली, आणि पुन्हा हवा दिली. अगं बाई! असा काही भोंगा वाजला की आचाऱ्याच्या हातून झारा पडला आणि मायनं कानांत बोटं घातली. आप्पा हरखून डिटेक्टरलाच नमस्कार करत होते. साहेबांना शेवटी हसू आवरलं न्हाई, आणि कागदावर सही झाली.

त्यांना गाडीपर्यंत सोडायला आम्ही गेलो. गाडीच्या सीटांवर कंपनीचं प्लास्टिक जसंच्या तसं. आप्पांनी ते बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि देवानं त्यांना गप्प बसायची बुद्धी दिली.

लग्न आमच्याच कार्यालयात लागलं. व्याह्यांच्या पंगती पंख्याखाली झाल्या. सासऱ्यांनी तर हवा फार लागते म्हणून उपरणं कानाला गुंडाळलं.

पाठवणीच्या वेळी सगळे रडायला तयार होऊन उभे, आणि आप्पा गायब. गाडीचा हॉर्न वाजून राह्यला. मीच शोधत आत गेले. जेवणाचा हॉल रिकामा, सगळे पंखे भणाणत होते, आणि मधोमध आप्पा एकटेच पत्रावळ घेऊन बसलेले, वाढायला आचारी उभा.

"आप्पा, गाडी थांबलीय."

"थांबू दे. शेवटची पंगत बसलीय."

उभ्या उभ्या भाकर खाऊन रानात पळणारा माणूस तो. आज भाताचं एकेक शीत उचलत होता. आचाऱ्याला म्हणाले, "वरण आन अजून जरासं." माझ्या मागोमाग आलेल्या भावाला वाटलं जेवण झालं, त्यानं बटणाकडं हात नेला, तसे आप्पा ओरडले, "हात लावू नको! मानूस उठला न्हाई अजून."

आणि परत एक शीत उचललं. मला मंग कळलं की ते जेवत नव्हते. रडू आलं ते मी येऊ दिलं. शालू सावरून त्यांच्या शेजारी बसले आणि आचाऱ्याला म्हटलं, "मला बी वाढा, मामा. सावकाश वाढा."